गेस्टाल्ट उपचारपद्धती : आत्मभान आणि वाक्यरचना

अनुभव म्हणजे सुट्या संवेदनांची बेरीज नव्हे, हे माक्स वेर्थायमर यांनी १९१२ मध्ये भासमान गतीच्या अभ्यासातून दाखविले. पार्श्वभूमीवर आकृती उमटावी, तसा तो अखंड प्रतीत होतो. पर्ल्स, हेफरलाइन व गुडमन यांच्या १९५१ च्या ग्रंथाने हा विचार मानसोपचारात रुजविला.

‘रिकामी खुर्ची’ या तंत्रात उपचारार्थी अनुपस्थित व्यक्तीशी बोलतो. मग जागा बदलून तिच्या वतीने उत्तर देतो. ‘जमत नाही’ याऐवजी ‘करत नाही’ असे म्हणावयास लावणे, हेही तंत्रच होय. मराठीत ‘मला राग येतो’ या वाक्यात राग कर्ता असतो. ‘मी रागावतो’ म्हणताच अनुभवाचे दायित्व वक्त्याकडे येते. पार्श्वभूमीत दडलेला ‘मी’ आकृती होतो. आत्मभानाची ही वाट व्याकरणातून जाते. म्हणूनच पात्रांची स्वगते अभ्यासताना ती उपयुक्त ठरते.