क्लोझापिन घेणाऱ्याला ताप आला तर

पावसाळा सुरू झाला की पुण्यातल्या आपल्या वस्त्यांत तापाचे रुग्ण वाढतात. मेडिकलमधून गोळी आणायची आणि दोन-तीन दिवस वाट पाहायची, ही आपली नेहमीची रीत. पण घरात कोणी क्लोझापिन घेत असेल, तर ही रीत जिवावर बेतू शकते. म्हणून या अंकात आम्ही या एकाच औषधाविषयी लिहीत आहोत.

क्लोझापिन प्रामुख्याने स्किझोफ्रेनियावर देतात. या आजारात नसलेले आवाज ऐकू येतात, कोणीतरी आपल्या वाईटावर आहे असे वाटत राहते. ही करणी नव्हे, अंगात येणेही नव्हे. हा मेंदूचा आजार आहे. आधी रिस्पेरिडोन, ओलान्झापिन यांसारखी औषधे देतात. अशी दोन औषधे योग्य मात्रेत, पुरेसे आठवडे घेऊनही गुण आला नाही, तर क्लोझापिनचा विचार होतो. आत्महत्येचा धोकाही त्याने कमी होतो.

मग भीती कसली? काही थोड्या रुग्णांत, शंभरात एकाहूनही कमी, हे औषध रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकदम घटवते. त्या आपल्याला जंतूंपासून वाचवतात. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये अशाने ८ रुग्ण दगावले आणि अनेक देशांत औषध मागे पडले. पुढे १९८८ च्या अमेरिकेतील अभ्यासात, इतर औषधांनी बरे न वाटलेल्या रुग्णांना याचा गुण येतो असे दिसले. १९८९ मध्ये तिथे परवानगी मिळाली ती रक्त तपासण्याच्या अटीवर. आजही साधारण पहिले १८ आठवडे दर आठवड्याला आणि नंतर सहसा महिन्याला रक्त तपासतात. एक दिवसाची मजुरी बुडते हे खरे, पण ही तपासणी चुकवू नका.

ताप, घसादुखी, तोंडात फोड आले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि पांढऱ्या पेशी मोजून घ्या.

आणखी काही गोष्टींकडे लक्ष ठेवा. बद्धकोष्ठता साधी समजू नका. आतडे अडून जीव जाऊ शकतो. पहिल्या दोन महिन्यांत छातीत दुखले, दम लागला, धडधड वाढली तर थेट दवाखाना गाठा. फिट आली तरी तेच. वजन आणि साखर वाढते, झोप येते, लाळ गळते, उठताना चक्कर येते. हे लपवू नका, डॉक्टरांना सांगा.

गोळी मनाने बंद करू नका. दोन दिवसांहून जास्त खंड पडला, तर जुनी मात्रा एकदम घेऊ नका. डॉक्टर पुन्हा थोड्यापासून सुरुवात करतात. गावी किंवा ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जाताना गोळ्या सोबत ठेवा. बिडी-सिगारेट सोडणे चांगलेच, पण त्याने रक्तातले औषध वाढते. आधी डॉक्टरांना कळवा.

पुण्यात ससून रुग्णालयात आणि येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात या आजारावर उपचार होतात. सरकारी मानसिक आरोग्यसेवा हा २०१७ च्या कायद्याने दिलेला आपला हक्क आहे, उपकार नव्हे. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत सल्ला मिळतो.

रुग्णाच्या फाइलवर मोठ्या अक्षरांत ‘क्लोझापिन चालू आहे’ असे लिहून ठेवा. तापासाठी कोणत्याही डॉक्टरकडे गेलात, तरी आधी हेच सांगा.