तीन किलो वजन घटले, पण कितीतून?

‘डॉक्टरसाहेब, दोन-तीन किलो वजन उतरलंय,’ असे सांगणारे ओपीडीत रोज भेटतात. उन्हाळा, ऊसतोड, घरातले लग्न असे कारणही बहुतेक जण स्वतःच सांगून मोकळे होतात. पण नुसत्या किलोवरून आम्हाला फारसे कळत नाही. घट किती टक्के, ते पाहावे लागते.

८० किलोच्या दुकानदाराचे ३ किलो गेले तर घट ३.७५ टक्के. मुखेड किंवा अहमदपूरकडच्या ४४ किलोच्या शेतमजूर बाईचे तेवढेच ३ किलो गेले, तर ती ६.८ टक्के. प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात ५ टक्क्यांहून जास्त वजन उतरले तर कारण शोधावे, असा वैद्यकातला ढोबळ नियम आहे. म्हणजे तपासणीची घाई त्या बाईला आहे. प्रत्यक्षात मात्र दुकानदार लगेच येतो आणि बाई रोज बुडेल म्हणून येत नाही.

हिशेब सोपा आहे. जुन्या वजनातून नवे वजा करा, उत्तराला जुन्या वजनाने भागा आणि १०० ने गुणा. ४४ उणे ४१ म्हणजे ३. ३ भागिले ४४, गुणिले १००, म्हणजे ६.८. चूक होते ती भागताना. ४१ ने भागले की ७.३ येते. म्हणूनच ५० किलोत १० टक्के घट होऊन पुन्हा १० टक्के वाढ झाली, तरी वजन ४९.५ च भरते.

नवजात बाळाच्या बाबतीत हाच हिशेब घरातली भीती घालवतो. पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे उतरतेच आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येते. ३ किलोचे बाळ २ किलो ८०० ग्रॅमवर आले की आजी वरचे दूध सुरू करायला निघते. ही घट ६.७ टक्के आहे; बाळ नीट अंगावर पीत असेल, लघवी करत असेल तर वरच्या दुधाची गरज नाही. पण २ किलोच्या बाळाचे तेच २०० ग्रॅम म्हणजे १० टक्के. त्याला त्याच दिवशी दाखवा.

लोकसंख्येतही तेच दिसते. २००१ ते २०११ या काळात नांदेड जिल्ह्यात सुमारे ४ लाख ८५ हजार माणसे वाढली, लातूरमध्ये ३ लाख ७४ हजार. तरी वाढीचा दर लातूरचा जास्त, १८ टक्के, नांदेडचा १६.९. कारण लातूर मुळात लहान.

टक्केवारीच बदलते तेव्हा गोंधळ आणखी वाढतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील रक्तक्षय असलेल्या महिलांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ४८ टक्के होते, पुढच्या फेरीत ते ५४.२ झाले. ही वाढ ६.२ टक्के नव्हे, ६.२ टक्के-अंकांची. मूळ ४८ शी तुलना केली तर ती जवळपास १३ टक्के होते.

वजन शक्यतो एकाच काट्यावर, चप्पल काढून करा आणि तारखेसह केसपेपरवर लिहून घ्या. जुना आकडाच नसेल तर टक्के काढणार कशाचे? पायावर सूज असेल तर ते आधी सांगा. अंगातले पाणी खरी घट झाकते. ५ टक्क्यांच्या वर घट आणि दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. तहान-लघवी वाढली असेल तर साखर तपासा. तंबाखू किंवा खर्रा खाणाऱ्यांनी तोंडही दाखवावे.