शिक्क्यातलं उलटं नाव

जुन्या नाशकातल्या आमच्या घरी आजोबांची चांदीची अंगठी होती. तिच्या अकिकाच्या खड्यावर त्यांचं नाव उर्दू लिपीत कोरलेलं होतं, पण उलटं. लहानपणी मी म्हणालो, "कारागीर चुकला!" आजोबांनी खड्याला शाई लावली, अंगठी कागदावर टेकवली. नाव सुलटं उमटलं. "शिक्का आपल्यासाठी नसतो, वाचणाऱ्यासाठी असतो," ते म्हणाले.

ही युक्ती चार हजार वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये रुळलेली होती. तिथले शिक्के शेणकिड्याच्या आकाराचे. मऊ शंखजिऱ्याचा लहानसा दगड, पाठीवर किडा, पोटावर नाव किंवा नक्षी. झिलई चढवून भाजला की तो टणक होई. पत्राच्या गुंडाळीला किंवा पेटीला दोरी बांधायची, गाठीवर ओल्या मातीचा गोळा लावायचा आणि त्यावर ठसा उमटवायचा. कुलूप चोराला अडवतं. हा शिक्का चोरी उघडी पाडायचा.

आपल्याकडे शिक्का कागदावर शाईने उमटे. शहाजीराजांचा शिक्का फारसीत होता, शिवाजी महाराजांची अष्टकोनी राजमुद्रा संस्कृतात. रांझे गावच्या पाटलाला बदअंमलाबद्दल शिक्षा दिल्याच्या १६४६ च्या पत्रावर ती दिसते. ही मुद्रा प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखी वाढणारी आणि लोककल्याणासाठी शोभणारी आहे, असा तिचा आशय. ईदच्या चंद्राची वाट पाहणाऱ्या माझ्यासारख्याला ती कोर लगेच ओळखीची वाटते. पत्राच्या माथ्यावर मुद्रा आणि अखेरीस मोर्तब. मोर्तबानंतर कुणाला ओळ वाढवता येऊ नये, हा हेतू. 'शिक्कामोर्तब' हा आपला शब्द तिथूनच आला.

आजोबा वारले तेव्हा अब्बांनी सोनाराकडून खड्यावरची अक्षरं घासून घेतली. मी खूप चिडलो. अब्बा एवढंच म्हणाले, "गेलेल्या माणसाच्या नावानं कुणी कागद करू नये."

इजिप्तमध्ये तिसऱ्या थुतमोस राजाचं नाव त्याच्या मृत्यूनंतरही कित्येक शतकं अशा दगडांवर कोरलं जाई. हुकमासाठी नव्हे, ताईत म्हणून. आपल्या नौदलाच्या ध्वजावरही २०२२ पासून शिवमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आहे. अधिकार माणसाबरोबर संपतो, आठवण उरते. अब्बांनी अधिकार पुसला होता, आजोबांना नव्हे, हे कळायला मला वय व्हावं लागलं.

ती अंगठी आज माझ्या बोटात आहे. खडा कोरा आहे. नाव कुणाचं, हे विचारणाऱ्याला मीच सांगतो.