‘वरिष्ठ’ सभागृह : महाराष्ट्र विधान परिषदेच्या अधिकारांसंबंधी

विधान परिषदेस ‘वरिष्ठ सभागृह’ म्हणण्याचा प्रघात आहे. भारतीय संविधानाने मात्र हे विशेषण तिला दिलेले नाही. मराठीत ‘वरिष्ठ’ या शब्दाबरोबर आज्ञा करण्याच्या अधिकाराची कल्पना येतेच. परिषदेच्या बाबतीत वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे.

धनविधेयक परिषदेत मांडताच येत नाही. विधानसभेने संमत केलेल्या अशा विधेयकावर तिने 14 दिवसांत शिफारशी कराव्यात, एवढेच; त्या स्वीकारणे वा न स्वीकारणे विधानसभेकडे. इतर विधेयकांचा क्रम अनुच्छेद 197 मध्ये सांगितला आहे. परिषदेने विधेयक फेटाळले, विधानसभेस अमान्य अशा दुरुस्त्या केल्या, किंवा तीन महिन्यांत ते पारित केले नाही, तर विधानसभा ते पुन्हा संमत करू शकते. दुसऱ्या खेपेस परिषदेस एकच महिना मिळतो. त्यानंतरही तिची संमती नसल्यास विधेयक दोन्ही सभागृहांनी पारित केले असे ‘मानले’ जाते. येथे सारा भार या एका क्रियापदावर आहे : परिषदेचा स्पष्ट नकारही कायद्याच्या भाषेत होकार ठरतो. याउलट, परिषदेत उगम पावलेले विधेयक विधानसभेने फेटाळले तर तेथेच संपते. संसदेप्रमाणे संयुक्त बैठकीची सोय राज्यात नाही. मंत्रिमंडळही केवळ विधानसभेस जबाबदार असते.

मग परिषदेचे प्रयोजन काय? ते तिच्या रचनेत शोधावे लागते. तिच्या 78 जागांपैकी 30 विधानसभा सदस्य, 22 स्थानिक संस्था, प्रत्येकी 7 पदवीधर व शिक्षक निवडतात, तर 12 सदस्य राज्यपाल नामनिर्देशित करतात. ती विसर्जित होत नाही. दर दोन वर्षांनी सुमारे एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. साहित्य, विज्ञान, कला, सहकारी चळवळ व समाजसेवा यांचे विशेष ज्ञान वा अनुभव हा नामनिर्देशनाचा निकष असून, ग. दि. माडगूळकर व ना. धों. महानोर हे कवी याच वाटेने परिषदेत आले. रोजगार हमी योजनेचे जनक वि. स. पागे 1960 ते 1978 या काळात तिचे सभापती होते.

रचनेवरच प्रयोजन अवलंबून असल्यामुळे रिक्त जागांचा प्रश्न गंभीर ठरतो. नामनिर्देशित 12 जागा 2020 मध्ये रिकाम्या झाल्या. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात मंत्रिमंडळाने शिफारस केलेल्या नावांवर निर्णय झाला नाही. राज्यपालांनी वाजवी मुदतीत निर्णय घेणे हे कर्तव्य आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने 2021 मध्ये म्हटले. तरी 7 सदस्यांच्या नियुक्त्या झाल्या त्या ऑक्टोबर 2024 मध्ये. स्थानिक संस्थांच्या निवडणुका 2022 पासून लांबल्या, तेव्हा मतदारच नसल्याने त्या गटातील जागाही रिकाम्या राहिल्या. विधेयक तीन महिने अडविणाऱ्या सभागृहावर विलंबाचा आरोप नेहमी होतो. परिषदेच्या जागा वर्षानुवर्षे अडल्या, त्याचा बोभाटा त्या मानाने फारच थोडा झाला.

पदवीधर मतदारसंघाची अवस्था निराळी आहे. पदवी मिळून तीन वर्षे झालेल्यास तेथे मताधिकार आहे; परंतु मतदारयादी प्रत्येक निवडणुकीसाठी नव्याने होते आणि मागील यादीतील नाव आपोआप पुढे येत नाही. विद्यापीठातील अध्यापक बहुधा पदवीधर व शिक्षक या दोन्ही याद्यांस पात्र असतो. मात्र अर्ज दोन्हींसाठी वेगळे करावे लागतात.