बागेंतील धुराचा उपद्रव

मार्गशीर्ष-पौषांत बाग झाडून पालापाचोळ्याचे ढीग पेटवावयाचे, ही आपल्याकडील जुनी वहिवाट होय. ढीग आपल्या हद्दींत असतो. धूर मात्र हद्द जाणत नाहीं. गेल्या हिवाळ्यांत आम्हीं आमराईंतील ओलसर पाला तिन्हीसांजेस पेटविला. धूर वर न जातां शेजाऱ्यांच्या ओसरीवर बसला. रात्रीं शेजारी आले ते भांडावयास नव्हे. त्यांच्या वृद्ध मातोश्रींस दम्याची धाप लागली होती व गाडी पाहिजे होती. मातोश्री बचावल्या, परंतु दोष आमचा होता, हें कबूल करणें प्राप्त आहे.

ओला पाला नीट जळत नाहीं, धुमसतो. त्यामुळें धुरांत सूक्ष्म कण व विषारी वायु अधिक असतात. शिवाय हिवाळ्यांत सूर्यास्तानंतर जमिनीलगतची हवा वरच्या हवेहून थंड होते आणि धूर खालींच कोंडतो.

हवा आरोग्यास अपायकारक करणें हा भारतीय न्याय संहिता, २०२३, कलम २८० अन्वयें अपराध असून एक हजार रुपयांपर्यंत दंड आहे. सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा हुकूम प्रांताधिकाऱ्यांस भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३, कलम १५२ अन्वयें देतां येतो. तथापि कचेरींत असे अर्ज हाताळून आमचें मत झालें आहे कीं, अर्जानें धूर थांबतो, पण शेजार तुटतो. प्रथम घरीं जाऊन बोलावें.

खरा उपाय पाला न जाळणें हाच. जाळल्यानें नत्र व सेंद्रिय अंश उडून जातात. राखेंत पालाश व चुना तेवढा उरतो. इंदूर येथें १९२४ ते १९३१ या काळांत आल्बर्ट हॉवर्ड यांनीं अशाच टाकाऊ मालाचें खत करण्याची पद्धत बसविली. तुडविलेल्या पाल्याचा वीतभर थर द्यावा. त्यावर शेण, गोमूत्रानें भिजलेली माती व थोडी राख पसरावी. पाणी शिंपडून असेच थर रचावे. ढीग तीन वेळां परतल्यास सुमारें तीन महिन्यांत खत होतें. आंब्याच्या चिवट पाल्यास अधिक काळ लागतो.

रोगट फांद्या जाळणें भागच पडल्यास त्या वाळवून, भर दुपारीं, वारा वस्तीकडे वाहत नसतां व शेजाऱ्यांस आदल्या दिवशीं कळवून जाळाव्या. प्लॅस्टिक कदापि जाळूं नये.

यंदा आमच्या ढिगांतील पहिल्या चार पाट्या खत आम्हीं शेजाऱ्यांच्या परसांत पोंचविलें. मातोश्रींनीं तें स्वहस्तें तुळशीस घातलें.