मे महिन्यातला रमजान, पितळी स्टोव्ह आणि ज्वारीच्या कण्या

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांनी फिरून त्याच ऋतूत येतो. १९८५ ते १९८७ या वर्षांत तो भर मे महिन्यात होता, आणि २०१८-१९ मध्ये पुन्हा. वऱ्हाडातला मे काय असतो हे अकोला-अमरावतीच्या वाचकांना सांगायला नको. २०२४ च्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला तेव्हा अकोल्यात उन्हापायी कलम १४४ लावावं लागलं होतं!

आमचं घर अकोल्याला, बैदपुऱ्यात. १९८६ च्या त्या रमजानमध्ये सेहरीला उठवायचं काम चावीच्या घड्याळाचं. दादीअम्मा ते रात्री रिकाम्या परातीत ठेवायच्या. गजर झाला की परात अशी थरथरायची की शेजारचेही उठत, वेगळा गजर लावायची त्यांना गरजच नव्हती. सव्वाचारच्या आत सेहरी आटपायची, ती थेट संध्याकाळी सातला इफ्तार.

घरात दोन स्टोव्ह होते. वातीचा दुधा-चहापुरता, आणि पंपाचा पितळी स्टोव्ह खऱ्या स्वयंपाकाला. स्पिरिटचा काकडा पेटवून बर्नर तापवायचा, मग पंप मारायचा. रॉकेल तापून त्याची वाफ व्हायची आणि बारीक भोकातून जोरानं बाहेर येऊन निळी जळायची. भोकात काजळी बसली की पिन, पंप हवा धरेना की चामड्याच्या वायसरला तेलाचा थेंब. रॉकेल रेशनचं, त्यामुळे हिशेबानं. या स्टोव्हची एक गोष्ट मात्र आजच्या सुनांना सांगूनही पटत नाही. वारा लागला की त्याची ज्योत फडफडायची, म्हणून पंखा बंद आणि खिडकीही लोटलेली. बाहेर ४५ अंश, आत भर्रर्र आवाज करणारा स्टोव्ह, आणि त्याच्यापुढे रोजा ठेवलेली अम्मी भजी तळत बसलेली.

कूलर होता, पण बैठकीत. पत्र्याची मोठी पेटी, तिन्ही बाजूंना वाळ्याच्या ताट्या, पुढं दांडगा पंखा. ओल्या ताटीतून कोरडी हवा गेली की पाण्याची वाफ होते, आणि त्या वाफेला लागणारी उष्णता हवेतूनच निघून जाते. म्हणून हवा जितकी कोरडी तितका कूलर गार. आमच्या वऱ्हाडात तो राजा. मुंबईची खाला मात्र म्हणायची, ‘आमच्याकडे लावला तर चादरी ओल्या होतात.’ जुहरच्या नमाजनंतर अब्बा आणि चाचा त्याच्यापुढे झोपत. टाकी भरायची बादली-बादलीनं, तीही अम्मीनं आणि चाचीनं, नळाला पाणी चार दिवसांनी येत असताना. पाणी भरताना प्लग काढलाच पाहिजे असा दादीअम्मांचा दंडक होता. पत्र्याला करंट उतरला तर ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या बाईला सुटायला वेळ मिळत नाही. आजही पत्र्याचे कूलर घराघरात आहेत, तेव्हा अर्थिंग तपासून घ्या, आणि आधी प्लग, मग बादली.

विसाव्या-बाविसाव्या रोजाला अम्मी असरनंतर स्टोव्हपुढंच चक्कर येऊन पडली. नशीब, कढई कलंडली नाही. दादीअम्मांनी तिला पाणी पाजलं, रोजा सोडायला लावला (तो तिनं ईदनंतर कजा म्हणून ठेवला), आणि बैठकीतल्या पुरुषांना उठवून तिला कूलरपुढं निजवलं. अब्बा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून असरनंतर स्टोव्ह पेटला नाही. सेहरीनंतर फजर पढून, हवा गार असतानाच कण्या शिजायच्या. इफ्तारला खजूर, पन्हं आणि ताकातल्या कण्या. चाचांनी दोन दिवस भज्यांची आठवण काढली, मग तेही दुसऱ्यांदा वाढून घेऊ लागले.

या कण्या चार माणसांना पुरतात. एक वाटी ज्वारीला पाण्याचा हात लावून दहा मिनिटं ठेवा. दादीअम्मा जात्यावर भरडायच्या, आता मिक्सर थांबत-थांबत फिरवा, रव्याहून जाड राहिलं पाहिजे. पाखडून कोंडा काढा, चाळून पीठ बाजूला ठेवा. पाच वाट्या पाण्याला उकळी आली की मीठ आणि कण्या घाला, गुठळी होऊ न देता ढवळा. मंद आचेवर झाकून अर्धा-पाऊण तास, मधूनमधून हलवत, दाणा बोटानं दाबला जाईपर्यंत. शेवटी बाजूचं थोडं पीठ पाण्यात कालवून लावलं की दाटपणा येतो. घट्ट झाल्यास गरम पाणी घाला. निवल्यावर मातीच्या भांड्यात काढून ओल्या फडक्यानं झाका. खोली फार तापत असेल तर भांडं फ्रिजमध्येच बरं.

२०१९ च्या मे महिन्यात आमच्याकडे गॅस होता, मिक्सर होता, फ्रिज होता. स्वयंपाकघरात कूलर तेव्हाही नव्हता. सुनेनं छोटा कूलर दाराशी आणून ठेवला, झोत शेगडीवर न येता पाठीवर येईल असा. कण्या मात्र सकाळीच झाल्या होत्या. वाढताना त्यात गार ताक, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि बारीक चिरलेला कांदा घालायचा. ताक आधी घालून ठेवू नका, संध्याकाळपर्यंत आंबतं.