पाणी, हक्क आणि दारिद्र्य : औंध संस्थानाच्या मुलखावरून

निसर्ग कृपण असेल तेथे माणूस दरिद्री असणारच, हे विधान इतके सर्वमान्य आहे की त्याची तपासणी सहसा होत नाही. ती करण्यास औंध संस्थानाचा जुना मुलूख सोयीचा आहे. सुमारे ५०० चौरस मैलांचे हे संस्थान सलग नव्हते. त्याचे तुकडे आजच्या सातारा, सांगली व विजापूर जिल्ह्यांत विखुरलेले होते. कृष्णेच्या खोऱ्यातील कुंडल आणि माणदेशातील आटपाडी ही दोन्ही एकाच राजाच्या अमलाखाली होती. १९३९ साली भवानराव पंतप्रतिनिधींनी गांधीजींच्या सल्ल्याने नवी राज्यघटना लागू करून ग्रामपंचायत हा कारभाराचा पाया ठरविला, तेव्हा दोहोंना कायदाही एकच मिळाला. १९४८ च्या मार्चमध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. राजा एक, घटना एक, पुढे राज्यही एक. तरीही कुंडलकडे ऊस उभा राहिला आणि आटपाडीकडची माणसे घर सोडून गेली.

याचे पहिले कारण उघडच भौगोलिक आहे. महाबळेश्वरी वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर पर्जन्यछायेतील आटपाडीला ५०० मिलिमीटरचाही भरवसा नसतो. धनगर मेंढरे घेऊन ओल्या मुलखाकडे उतरतात. खानापूर-आटपाडीकडील कित्येक कुटुंबे सोनेचांदी गाळण्याच्या गलाई धंद्यासाठी भारतभरच्या शहरांत पसरली आहेत. अशा स्थलांतरास केवळ दैन्याचे लक्षण मानणे बरोबर नाही. पावसाच्या लहरीविरुद्ध माणसाने उतरविलेला तो विमाच होय.

तथापि भूगोलाने सारे उलगडत नाही. दुष्काळात आटपाडीतही सर्वांचे हाल सारखे होत नाहीत. खोल विहिरीचा मालक तग धरतो. ज्याला जमीनच नाही त्याला विहीरही नाही. त्याचा आधार गायरान, ओढ्याकाठची बाभळ, पडीक माळ हाच. एन. एस. जोधा यांनी सात राज्यांतील कोरडवाहू प्रदेशांच्या ८० हून अधिक गावांची पाहणी करून १९८६ साली दाखविले की, गरीब कुटुंबांच्या उत्पन्नाचा १४ ते २३ टक्के भाग अशा सामाईक साधनांतून येतो. म्हणजे माळ उजाड झाला की प्रथम त्यांचेच ताट रिकामे होते. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये अन्नासंबंधी मांडलेला मुद्दा पाण्यासही लागू पडतो : साठा किती, याइतकाच त्यावर हक्क कोणाचा, हा प्रश्न महत्त्वाचा असतो.

औंधच्या शेजारच्या येरळा नदीने हे प्रत्यक्षच दाखविले. ही नदी खटाव तालुक्यात उगम पावून खानापूर तालुक्यातून वाहते. नदीच्या वाळूत पाणी मुरते व काठच्या विहिरींना ते पुरते. बांधकामासाठी ठेकेदारांनी वाळू उपसली तशी विहिरींची पातळी खालावली. नफा शहराकडे गेला, कोरड गावी राहिली. मुक्ती संघर्ष चळवळीने या उपशास विरोध केला आणि थोडी वाळू विकून, तसेच श्रमदान करून बलवडी व तांदुळवाडी या गावांसाठी बळीराजा धरण बांधले. १९८० च्या दशकाअखेर उभ्या राहिलेल्या या लहानशा धरणाचे महत्त्व त्याच्या भिंतीत नाही, वाटपाच्या नियमात आहे. पाण्याचा वाटा जमिनीच्या एकरांवर नव्हे, तर कुटुंबावर ठरला. भूमिहीनांनाही तो मिळाला. ज्याच्या हाती पाण्याचा वाटा आहे, तो दुसऱ्याची जमीन वाट्याने करताना मजूर म्हणून नव्हे, भागीदार म्हणून बोलू शकतो. १९३९ च्या घटनेने गावाला कारभार दिला होता. पाण्याची मालकी मात्र जमिनीलाच चिकटून राहिली होती. ती गाठ येथे सुटली.

आटपाडीतही १९९३ पासून पाणी परिषदांनी समन्यायी वाटपाची हीच मागणी धरून ठेवली. पुढे टेंभू योजनेतून कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून या भागात आणले गेले. पाणी आले तेथे डाळिंबाच्या बागांना बळ मिळाले. परंतु जो माळ बागेखाली जातो, तो मेंढपाळाच्या चराईतून वजा होतो. उपसा केलेल्या पाण्याचा हिशेब टीएमसीत होतो. या वजाबाकीसाठी त्या हिशेबात रकाना नाही.